विसाव्याचा खण

यशोधरा पोतनीस यांनी इंदूरच्या एका मराठी प्राथमिक शाळेचे ग्रंथालय अडतीस वर्षे सांभाळले. पुस्तक परत करायला आलेल्या प्रत्येक मुलाला त्या एकच प्रश्न विचारीत: "घरात सगळे बरे आहेत ना?" उत्तर मिळेपर्यंत पुस्तकाला हात लावीत नसत. उत्तर मिळाल्यावरही ते पुस्तक थेट फळीवर जात नसे. डावीकडच्या कपाटातल्या सर्वांत खालच्या खणात ते शनिवारपर्यंत पडून राही, शनिवारी ओसरीवर उन्हात पसरले जाई आणि मगच दुसऱ्या मुलाला मिळे. मुले त्यांची नक्कल करीत. मधल्या सुट्टीत कोणी कोणाची पेन्सिल परत केली, तरी दुसरा कमरेवर हात ठेवून विचारी, "घरात सगळे बरे आहेत ना?"

या प्रश्नामागे मार्च १९५३ मधले काही दिवस आहेत. त्या दिवसांची माहिती शाळेच्या देवघेव वहीतून, ग्रंथपाल दत्तोपंत यांच्या टिपणांतून आणि स्वतः यशोधराबाईंच्या सांगण्यातून मिळते. वही आणि टिपणे परस्परांशी तंतोतंत जुळतात. यशोधराबाईंचे सांगणे एका तारखेपाशी जुळत नव्हते.

त्या वेळी त्या वीस वर्षांच्या होत्या. वडील अप्पासाहेब संस्थानी अमदानीत दप्तरात कारकून होते. संस्थान मध्य भारतात विलीन झाले, त्यांचे खाते ग्वाल्हेरला गेले आणि अप्पासाहेब निवृत्त होऊन घरी बसले. घरातल्या कोणाला तरी नोकरी हवी होती, आणि मॅट्रिक झालेली एकटी यशोधरा होती. शाळेच्या ग्रंथालयात साहाय्यकाची जागा निघणार होती, परंतु तिच्यासाठी आधी सहा महिने बिनपगारी उमेदवारी करून ग्रंथपालाचा दाखला मिळवावा लागे. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला यशोधरा दत्तोपंतांच्या हाताखाली रुजू झाली. मुदत एकतीस मार्चला संपणार होती.

ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची एक खोली, चार कपाटे आणि नऊशेच्या आसपास पुस्तके. बहुतेकांवर अजून संस्थानचाच शिक्का होता. दत्तोपंत चौथीला शिकवीत आणि उरलेल्या वेळात हे काम पाहत. त्यांनी यशोधरेला पुस्तके चिकटवायच्या खळीत मोरचूद घालायला शिकवले, फाटलेली पाठ शिवायला शिकवले, आणि पहिल्याच दिवशी तो खालचा खण दाखवला. त्याला ते विसाव्याचा खण म्हणत. परत आलेले प्रत्येक पुस्तक कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यात तिथे ठेवायचे आणि शनिवारी उन्हात घालायचे, हा त्यांचा नियम.

"पुस्तक चार घरं हिंडून येतं, थकतं बिचारं," ते म्हणाले. "त्याला जरा पडू द्यायचं."

"आणि पोरं ताटकळतात त्याचं काय, सर?"

"पोरं थांबल्यानं बिघडत नाहीत."

यशोधरेची समजूत अशी झाली की हा सगळा खटाटोप कसर लागू नये म्हणून आहे. तिने अधिक विचारले नाही आणि दत्तोपंतांनीही अधिक सांगितले नाही.

सोमवार, नऊ मार्च. दत्तोपंत वर्गावर होते. सखुबाई नावाची एक वृद्ध बाई ग्रंथालयाच्या दाराशी आली. दुसरीतल्या संताजीची ही आजी. तिने धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेले एक पुस्तक आणले होते. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. पुस्तक हातात न देता तिने ते खिडकीच्या कठड्यावर ठेवले.

"बाई, पोराचं पुस्तक जमा करून घ्या. घरात दुसऱ्याची चीज नको सध्या."

"संताजी का नाही आला?"

"अंग गरम आहे जरा. ठीक होऊन जाईल."

ती गेल्यावर यशोधरेने फडके सोडले. दाखल क्रमांक ४१२, पक्ष्यांच्या रंगीत चित्रांचे पुस्तक. पानांमध्ये कडुनिंबाची एक डहाळी होती. विसाव्याच्या खणातला पाला तपकिरी आणि चुरचुरीत असे, ही डहाळी मात्र हिरवीगार होती. यशोधरेच्या ते लक्षात आले. "लक्षात आलं नाही असं मी म्हणू शकत नाही," पुष्कळ वर्षांनी त्यांनी मला सांगितले. तिने डहाळी खिडकीबाहेर टाकली आणि वहीत ४१२ पुढे 'परत' असे लिहिले.

दुपारी बेबी आली. बेबी दत्तोपंतांची सात वर्षांची नात, संताजीच्याच वर्गात होती. हे पक्ष्यांचे पुस्तक तिला तीन आठवड्यांपासून हवे होते. दत्तोपंत तिला पाळीबाहेर काही देऊ देत नसत, उलट माझी नात म्हणून आणखी एक आठवडा थांब म्हणत. पुस्तक मेजावर होते. दाखला मिळायला तीन आठवडे उरले होते. आजोबांना खूश करायचे तर नातीला खूश करावे, इतका साधा हिशेब यशोधरेने केला. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्यांनी त्याला दुसरे नाव दिले नाही.

"आजोबा चिडतील," बेबी म्हणाली.

"आजोबांना मी सांगते. तू ने."

तिने आजोबांना सांगितले नाही. ४१२ एक तासही खणात राहिले नाही. दुसऱ्या दिवशी बेबी दारात डोके घालून सांगून गेली, "ताई, मी मोराला उशीवर घेऊन झोपले. माझ्या गालाशी."

बुधवारी शाळा सुटल्यावर यशोधरा संताजीच्या गल्लीवरून घरी निघाली. त्याचे वडील बाबूराव पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. कामाच्या दिवशी ते ओट्यावर बसलेले दिसले, म्हणून ती थांबली. त्यांच्या दारावर कडुनिंबाची फांदी टांगली होती, आणि उंबऱ्यावर नुकतेच पाणी शिंपडलेले होते.

"संताजी कसा आहे?"

बाबूराव उठले आणि तिच्यापासून दोन पावले मागे सरले. "क्या बताऊं, बाई. माताजी पधारल्यात. रंगपंचमीपासून. अंगावर तीळ ठेवायला जागा नाही."

यशोधरेची नजर दारावरच्या फांदीकडे गेली.

"आई म्हणाली, माता घरात आहे तोवर उसनी चीज ठेवायची नाही, ती रागावते. म्हणून पुस्तक पोचवलं लगेच. मिळालं ना?"

"मिळालं."

"बाई, म्युनिसिपालिटीत कळू देऊ नका. पोराला उचलून नेतील. मागच्या साली भोईवाड्यातलं एक नेलं, ते परत नाही आलं."

तिने नाही सांगणार असा शब्द दिला. सखुबाईने पुस्तक परत केले ते देवीचा मान राखण्यासाठी. त्यात लपवाछपवी नव्हती. डहाळीही तिने श्रद्धेनेच ठेवली होती.

त्या संध्याकाळी अप्पासाहेब ओसरीत वर्तमानपत्र वाचत होते. यशोधरेने शक्य तितक्या सहजपणे विचारले, "नाना, देवी किती दिवसांनी उठतात? म्हणजे लागण झाल्यापासून?" घरात वडिलांना सगळे नाना म्हणत.

"बारा-चौदा दिवस. कोणाला आल्यात?"

"कोणाला नाही. शाळेत आरोग्याचा धडा आहे."

"मग हेही सांगा पोरांना," अप्पासाहेब म्हणाले, "की पहिल्या दोन-तीन दिवसांत टोचून घेतलं तर पुष्कळदा टळतं. आमच्या दप्तरात साथीची परिपत्रकं यायची, त्यात असायचं. नंतर टोचून मनाचं समाधान."

दोन-तीन दिवस. सोमवारपासून मोजले तर तिसरा दिवस उद्याच होता. त्या रात्री तिला झोप लागली नसणार, असे आपण गृहीत धरतो. त्या म्हणाल्या की झोप लागली, गाढ लागली, आणि सकाळी जाग येताना पहिला विचार मोराचा आला.

गुरुवारी ती शाळा भरण्याच्या अर्धा तास आधी पोचली. बोलायचे वाक्य तिने वाटेत जुळवले होते. दत्तोपंत खोलीत होते आणि तिच्याच दाखल्याचा कच्चा मसुदा लिहीत होते. त्यांनी मान वर न करता म्हटले, "बस. ऐक, बरोबर वाटतं का बघ. 'उमेदवार नियमांच्या बाबतीत अत्यंत काटेकोर असून.' 'अत्यंत' ठेवू का?"

तिने काय उत्तर दिले ते तिला आठवत नाही. ते वाक्य मात्र ती बोलली नाही.

त्या दुपारी तिने बेबीला बोलावून घेतले. "तुला टोचलंय का गं?"

बेबीने झग्याची बाही वर केली. दंड गुळगुळीत होता. "टोचणारा भिया आला तेव्हा मला ताप होता. आई म्हणाली नंतर. मग तो आलाच नाही."

"पुस्तक वाचून झालं?"

"वाचून झालं. पण पोपट काढायचा राहिलाय."

यशोधरेला पुस्तक त्याच क्षणी मागून घेता आले असते. परंतु का, असे बेबीने विचारले असते, आणि घरी जाऊन आजोबांना सांगितले असते. ती म्हणाली, "काढून घे."

शुक्रवारी तिने वेणी सुटली आहे या निमित्ताने बेबीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होते. शनिवारी पुन्हा लावला. बेबी म्हणाली, "ताई, तुमचा हात थंड आहे." त्या शनिवारी विसाव्याच्या खणातली पुस्तके नेहमीप्रमाणे उन्हात मांडली गेली. दत्तोपंत ती मोजत होते. त्यांनी विचारले, "४१२ परत आलेलं दिसतंय वहीत. इथं नाही?" पुस्तक कोणाला दिले त्याचा रकाना यशोधरेने कोरा ठेवला होता. ती म्हणाली की पाठ उसवली होती, शिवायला बाजूला ठेवले आहे. त्यांनी मान हलवली. त्यांना तिच्यावर शंका घेण्याचे कारण नव्हते, आणि हेच तिला सर्वांत असह्य झाले. रविवारी ती देवळात गेली नाही. काय मागायचे हे तिला ठरवता येत नव्हते: मूल वाचावे, की गोष्ट लपावी.

सोमवारी, सोळा मार्चला पाडवा होता. शाळेला सुट्टी. सकाळी अप्पासाहेबांनी गुढी उभारली आणि आईने कडुनिंबाची पाने, गूळ, हिंग, ओवा वाटून प्रत्येकाच्या तळहातावर गोळी ठेवली. यशोधरेने ती तोंडात घातली. वास आला आणि ती उठून परसात गेली.

"पाडव्याचा निंब थुंकायचा नसतो, यशू," आई मागून म्हणाली. "वर्षभर घरात आजार राहतो."

ती गल्लीत येऊन उभी राहिली. गल्लीतल्या प्रत्येक मराठी घरावर गुढी होती आणि प्रत्येक गुढीला कडुनिंब बांधलेला होता. सणाचा पाला आहे हे तिला कळत होते. तरी टोकापर्यंत नजर जाईल तिथे तिला ते बाबूरावांचेच दार दिसत राहिले.

मंगळवारी, सतरा मार्चला, तिने सांगितले. दत्तोपंत ओसरीवर टोपी झटकत होते.

"सर, ४१२ शिवायला ठेवलेलं नाही. बेबीकडे आहे. संताजीच्या घरून आलं होतं आणि त्याला देवी आल्यात."

"कधी दिलंस?"

"सोमवारी."

"काल सुट्टी होती."

"त्याच्या आधीच्या सोमवारी."

दत्तोपंतांनी बोटांच्या पेरांवर मोजले. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्या पेरापासून मोजले. "आणि देवीचं तुला कळलं केव्हा?"

"बुधवारी."

"खणात किती दिवस होतं?"

"एकही नाही."

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, ती तिरकी बसली, आणि ते तसेच फाटकाबाहेर पडले. 

संध्याकाळी टोचणीवाला बेबीच्या घरी गेला, दुसऱ्या दिवशी त्याने इयत्ता दुसरीचा सगळा वर्ग टोचला. संताजीला कोणी उचलून नेले नाही. डॉक्टरांनी त्याला घरीच वेगळे ठेवायला सांगितले, आणि तो एप्रिलमध्ये बरा होऊन शाळेत आला. ४१२ दत्तोपंतांनी स्वतः एका जुन्या चादरीत आणले आणि शाळेमागे जाळले. यशोधरा आगीपासून दूर उभी होती. पोपटाचे अर्धवट चित्र असलेला कागदही पुस्तकातच राहिला होता.

एकवीस तारखेला बेबीला ताप भरला. चोवीसला तोंडावर पुरळ दिसले. पुढचे तीन आठवडे यशोधरा रोज दत्तोपंतांच्या दारापर्यंत जाई. बेबीची आई खिडकीतून मान हलवी आणि ती परत फिरे. त्या मान हलवण्याचा अर्थ काय, हा विचार तिला घरी पोचेपर्यंत पुरे. बेबी वाचली. चेहऱ्यावर वण राहिले आणि डावा डोळा गेला.

इथे एक शंका नोंदवणे आवश्यक आहे. हजेरीपटावरून दिसते की संताजी चार मार्चपर्यंत वर्गात हजर होता. तो बेबीच्या शेजारी बसायच्या एकाच पट्टीवर बसे, असे यशोधराबाईंनीच सांगितले. लागण तिथे झाली असेल तर ताप सतराव्या दिवशी आला. आजाराच्या माहितीत एवढा अवधी अशक्य मानलेला नाही, मात्र नेहमीचाही नाही. डॉक्टरांनीही तेव्हा दत्तोपंतांना हेच सांगितले होते की पुस्तकातूनच आले असे खात्रीने म्हणता येणार नाही. मी हे यशोधराबाईंसमोर तारखांसह मांडले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "मोर कुठे झोपला होता, ते आहे का तुमच्या हजेरीपटात?"

एकतीस मार्चला दत्तोपंतांनी तिच्या हातात दाखला ठेवला. तिने तो उघडला. 'नियमांच्या बाबतीत अत्यंत काटेकोर' हे शब्द जसेच्या तसे होते.

"सर, हे खरं नाही."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "आता तसं वागावं लागेल."

एवढ्यावर ही हकीकत संपली असती. जुलै २०११ मध्ये, शाळा बंद पडल्यानंतर, यशोधराबाईंनी जपून ठेवलेल्या वह्या शाळेवरच्या लेखासाठी मला सोपवल्या. विजय नगरमध्ये पुतण्याच्या फ्लॅटवर त्या राहत होत्या. पहिल्या भेटीत त्यांनी सर्व सांगितले, परंतु एक गोष्ट वेगळी सांगितली: दत्तोपंतांना त्यांनी तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, बारा मार्चला सांगितले, आणि टोचणीवाला उशिरा आला. बेबीच्या कुटुंबातही हीच हकीकत चालत आलेली आहे.

देवघेव वहीत असे आहे. ४१२ पुढे यशोधरेच्या अक्षरात 'परत, ९ मार्च'. तिने कोरा ठेवलेला रकाना दत्तोपंतांच्या अक्षरात भरलेला: 'दिले, ९ मार्च, बेबी, इयत्ता दुसरी.' आणि त्याखाली त्यांचेच: 'उमेदवाराने १७ मार्च रोजी कळविले. त्याच दिवशी जाळले.'

दुसऱ्या भेटीत मी ते पान त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावला नाही.

"आठवा दिवस," त्या म्हणाल्या. "मला पाठ आहे ते. तिसरा दिवस सरांनी केला. घरी सुनेला त्यांनी तसंच सांगितलं, मुलीनं ताबडतोब सांगितलं म्हणून. नाहीतर तिनं मला दारात उभं केलं नसतं. वहीत मात्र खोटं लिहिणं त्यांना जमलं नाही."

"बेबींना माहीत आहे?"

"नाही. आता सत्तरीकडे आलीय. देवासला असते. दर दिवाळीला फराळ घेऊन येते माझ्याकडे. नातींना सांगते, यशूताईनं वेळेवर सांगितलं म्हणून मी आहे." त्यांनी वही जवळ ओढली. "ही वही अडतीस वर्षं माझ्याच कपाटात होती. कुलपाची किल्ली माझ्याकडे. दर मार्चला पुस्तकांची मोजदाद व्हायची तेव्हा ती बाहेर काढावी लागायची, आणि दर मार्चला कोणी तरी हे पान उघडेल अशी धास्ती असायची. कोणी उघडलं नाही. पान फाडायला किती वेळ लागतो?"

"मग फाडलं का नाही?"

"सरांचं अक्षर आहे ना त्यावर."

मी दुसऱ्या भेटीचे टिपण पूर्ण केले आणि विचारले की लेखात कोणता दिवस लिहू. पुतण्याला हाक मारून त्यांनी फोन मागवला, आणि मला उठू दिले नाही. "बसा. तुम्ही गेलात तर मी दुसरंच काही तरी बोलेन."

आकडे दाबताना त्यांचा अंगठा दोनदा चुकला. पलीकडून मोठा, मोकळा आवाज आला. तो मलाही ऐकू येत होता. "हां, यशूताई. आज कशी काय याद आली?"

यशोधराबाईंनी वहीवर बोट ठेवले. बोट १७ मार्चच्या ओळीवरच होते, बरोबर.

"बेबी, घरात सगळे बरे आहेत ना?"

"सगळे मजेत. पुस्तक परत द्यायला आले की काय मी?" पलीकडून हसू आले.

"नाही. मी द्यायला आलेय," त्या म्हणाल्या. "सतरा तारीख होती, बेबी. बारा नव्हती. मला बुधवारपासून ठाऊक होतं."

पलीकडचे हसू थांबले. यशोधराबाईंनी फोन कानापासून दूर केला नाही. बोटही त्या ओळीवरून हलवले नाही.